घोड्याला स्वारीचे इशारे शिकवताना: पागेवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यात कृष्णेकाठी आमची लहानशी पागा आहे. हौसेनं घोडा घेतलेली माणसं रविवारी येतात. कुणी पिकअपमध्ये घोडा घालून आणतो, कुणी मोबाइलमध्ये व्हिडिओ. पूर्वी स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्याला शिलेदार म्हणत आणि सरकारी घोड्यावर बसणाऱ्याला बारगीर. त्या हिशेबानं हे सगळे शिलेदार. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. रेस, पोलो, उड्या यांची तालीम इथे नाही. चाल, थांब, वळ, मागं सर आणि गप उभा राहा, या पाच गोष्टी घोड्याला कळाव्यात आणि त्या सांगताना तुमचा आवाज चढू नये, एवढाच विषय.

घोडा किती वर्षांचा झाल्यावर पाठीवर बसावं?

तीन वर्षांच्या आत अजिबात नाही. तीन ते चार या वर्षात हलका माणूस, पंधरा-वीस मिनिटं, तेही सपाट जागेवर. घोडा उंचीला लवकर भरतो, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. वय दातांवरून बघा. पुढचे पक्के दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडीजोडीनं येतात. बाजारात व्यापारी सांगेल ते वय आणि तोंड उघडल्यावर दिसणारं वय यांत बरेचदा वर्षभराची तफावत निघते.

तोवर काय करायचं, तर जमिनीवरचं सगळं. म्होरकी घालून घेणं, पाय उचलू देणं, नालबंदासमोर उभं राहणं, बोलावल्यावर येणं. शिंगरू असताना हे झालं असेल तर पुढचं अर्धं काम उरकलेलं असतं.

इशारा म्हणजे नेमकं काय? घोड्याला कसं कळतं?

पुढची सगळी उत्तरं याच उत्तरावर उभी आहेत, त्यामुळे हे नीट वाचा.

घोड्याच्या कातडीवर माशी बसली तर तो तेवढाच चार बोटांचा तुकडा थरथरवून तिला उडवतो. इतकं त्याला जाणवतं. मग तुमची टाच, पोटरी, लगाम त्याला जाणवत नाही असं कसं होईल? जाणवतं. पण त्याचा अर्थ काय, हे त्याला उपजत ठाऊक नसतं. तो अर्थ त्याला एकाच गोष्टीतून कळतो: मी काय केलं तेव्हा हा दाब सुटला?

म्हणजे दाब हा नुसता प्रश्न आहे. उत्तर बरोबर आलं हे त्याला सुटण्यातून समजतं. तुम्ही म्होरकीचा दोर मागे ओढून धरला, घोडा आधी मान वर करेल, मग डावीकडे जाईल, मग पुढे रेटेल. यातल्या कशानंच दाब सुटला नाही आणि शेवटी त्यानं वजन मागच्या पायांवर टाकलं, त्याच क्षणी तुमची मूठ ढिली झाली, तर त्याच्या डोक्यात नोंद झाली. दोन सेकंद उशिरा सोडलं, तर तोवर तो दुसरंच काहीतरी करत असतो आणि नोंद त्याची होते. मान झटकली म्हणून दचकून सोडलंत, तर मान झटकणं हेच उत्तर आहे असं तुम्हीच शिकवलंत.

आमचे वस्ताद जुने चाबुकस्वार, म्हणजे घोडे शिकवून तयार करणारे. ते नव्या पोराला पहिला आठवडा घोड्याला हातच लावू देत नसत. सुतळीचं एक टोक स्वतः धरायचे, दुसरं पोराच्या हातात. डोळे मिटायला सांगायचे आणि स्वतः बोट हलवायचे. बोट थांबलं की पोरानं मूठ सोडायची. पोरगं कंटाळायचं, वस्ताद नाही. मीही ते केलंय. तेव्हा वेळ वाया चाललाय असं वाटायचं. आज कुणी विचारलं तर मीही सुतळीच काढते.

सुरुवात जमिनीवरून का? थेट बसून शिकवलं तर?

बसून शिकवताना घोड्याला दोन गोष्टी एकदम समजून घ्याव्या लागतात: पाठीवरचं ओझं आणि तुमचं म्हणणं. एक तरी आधी संपवा.

जमिनीवर तीन गोष्टी शिकवा. मागं सरणं: दोर हनुवटीखाली दोन बोटांत धरा, त्याच्या छातीकडे हलका दाब द्या आणि थांबा. पाऊल उचललं नाही तरी चालेल, नुसतं वजन मागे झुकलं तरी सोडा. दुसऱ्या दिवशी एक पाऊल मिळेल. दुसरं म्हणजे पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, सरकवणं: कुशीवर, जिथे पुढे तुमची टाच लागणार आहे त्याच्या जरा मागे, बोटाच्या पेरानं दाबा. मागचा पाय दुसऱ्या पायासमोरून ओलांडून टाकला की हात काढा. तिसरं, दोरामागे न ओढता चालणं. तुम्ही थांबलात की तो थांबला पाहिजे, तुमच्या खांद्यावर नाक आदळून नव्हे.

उभं राहायची जागाही महत्त्वाची. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं सोडून. त्या मागच्या जागेत न बोलता जाणाऱ्याला दुगाण्या बसतात आणि मग घोडा "खुनशी" ठरतो.

डावीकडून शिकवलेलं उजवीकडून पुन्हा शिकवा. डावीकडून चढायची रीत तलवार डाव्या कमरेला असायची तेव्हापासूनची आहे असं म्हणतात. आता तलवार नाही, पण घोडे अजून एकाच बाजूला शहाणे.

लांब दोरावर गोल फिरवावं का? किती वेळ?

फिरवावं, पण दमवण्यासाठी नाही. सहा-सात मीटरच्या दोरावर चाल, दुडकी (चालीहून जलद, उसळती गती) आणि थांब हे शब्द पक्के करून घ्या. दहा मिनिटं, दोन्ही बाजूंनी सारखी. अर्धा अर्धा तास गरगर फिरवलं की सांधे झिजतात आणि घोड्याचा दम वाढतो. दमवून शांत करायला निघालेल्या माणसाला महिन्याभरानं जास्त दमदार घोडा मिळतो.

कोणते शब्द वापरू?

कुठलेही वापरा, पण ठरवून. आणि मराठी माणसानं दोन शब्द जपून वापरावेत. हे मी पस्तावून सांगतेय.

आपल्याकडे जनावराला थांबवायला "होऽ" म्हणतात. मीही तेच शिकवलं. मग घोडीवर बसून फोनवर बोलायची सवय लागली. "हो, हो, आणते. हो." घोडी दर "हो"ला थांबायची. मी टाच लावायची, ती निघायची, मी पुन्हा "हो". चार दिवसांत तिनं त्या शब्दाकडे लक्ष देणंच सोडलं, आणि त्यात तिची काय चूक? त्याहून वाईट म्हणजे "चल". आपण फोन ठेवताना "चल, ठेवते" म्हणतो. एकदा रिकिबीत एकच पाय होता तेव्हा म्हटलं आणि घोडी इमानदारीत निघाली. मी कडब्याच्या गंजीला धरून उभी राहिले.

आता आमच्याकडे थांबायला लांब हेल काढून "बस्स", निघायला जिभेचा चक्-चक् आवाज आणि दुडकीला "दुडूक". पाहुणे हसतात. हसू द्या. फोन मात्र घोड्यावर बसून घ्यायचाच नाही, शब्द कोणताही असो.

पहिल्यांदा जीन कशी घालावी?

आधी घोंगडं, मग जीन, मग सैल तंग, म्हणजे जीन बांधायचा पोटाखालचा पट्टा. तंग एकदम आवळू नका. दोन भोकं आज, चालवून आणून आणखी एक. पहिल्या आवळण्यात घोडा चिमटला गेला तर पुढे कायम तंग बघून पोट फुगवतो किंवा चावायला येतो. रिकिबी लोंबत्या ठेवून चालवा, म्हणजे कुशीला काहीतरी लागतंय याची सवय होते. जीन कण्यावर टेकता कामा नये. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथे जिनीखाली दोन-तीन बोटं सहज जावीत.

तोंडात कोणती कडी घालावी?

कडी म्हणजे लगामाचा तोंडात राहणारा लोखंडी भाग. मधे सांधा असलेली साधी, जाडसर, गुळगुळीत घ्या. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीची मोकळी जागा असते, कडी तिथे बसते. काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे बारीक जास्तीचा दात असतो. त्यावर कडी आपटली की घोडा मान उडवतो आणि लोक म्हणतात हट्टी आहे. घालण्याआधी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्या.

काटेरी कडी घेऊन येऊ नका. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यांत काटेरी कडीला मनाईच आहे. स्वारीच्या घोड्याचं तोंड काही वेगळ्या मांसाचं नसतं.

टाच मारून मारून माझे पाय दुखतात, घोडी हलत नाही. काय करू?

तुम्ही तिला टाचेकडे दुर्लक्ष करायला शिकवलंय. दर पावलाला टक्-टक् टाच लागते, ती चालली तरी लागते, थांबली तरी लागते. मग तिनं कशासाठी चालावं? सीलिंग फॅनच्या आवाजाचं होतं तसं झालं.

क्रम असा ठेवा. आधी मांड, म्हणजे जिनीवरची बैठक, हलकी करून पुढे बघा. मग दोन्ही पोटऱ्या अलगद मिटा. एक-दोन मोजा. मग टाच. तरी नाही तर पोटरीच्या मागे छडीनं टिचकी. तिनं पहिलं पाऊल टाकलं की पाय पूर्ण गप. चालतेय तोवर गप. मंदावली तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. थेट टाचेवर जाऊ नका, नाहीतर पोटरीला काही अर्थच उरत नाही. दरवेळी हलकं आधी आणि जड नंतर येतं हे कळलं की घोडं हलक्यावरच निघतं, कारण पुढचं टाळणं त्याच्याच फायद्याचं.

बहुतेक घोड्यांना चार-पाच दिवस पुरतात. माणसाच्या टाचेची सवय सुटायला महिना लागतो.

आणि एक: टाच लावताना लगाम ओढलेला नाही ना, हे बघा. वेसण ओढून धरायची आणि पराणीही टोचायची, असं बैलाला केलं तर तुम्हीच शेजाऱ्याला शिव्या द्याल.

थांबवायला लगाम ओढतो तसा घोडा जास्तच पळतो. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आणि सगळ्यात जास्त माणसं याच ठिकाणी पडतात.

माझी पहिली घोडी रेसकोर्सवरून निघालेली. मला विकणाऱ्यानं एवढंच सांगितलं, "लई गरीब हाय, ताई." होतीही. कालव्याच्या रस्त्यानं निघालो, मागून मोटारसायकल आली, ती दुडकीत गेली. मी दोन्ही लगाम घट्ट धरले. ती दौडीत गेली. मी जीव खाऊन ओढलं, ती मान ताणून भरधाव. शेजारून विहिरी, पाइपलाइनचे व्हॉल्व्ह, धुणं धुणाऱ्या बाया असं सगळं मागे गेलं. शेवटी वळणावर ती सरळ उसात शिरली आणि उसानं आम्हा दोघींना थांबवलं. पाचटानं माझा चेहरा असा कापला होता की घरी मांजर अंगावर आलं म्हणून सांगितलं.

वस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला पळायला तूच सांगत होतीस." शर्यतीच्या घोड्याला जॉकी लगाम घट्ट धरतो तेव्हा घोडा त्या कडीवर भार टाकून पळतो. तिच्या लेखी घट्ट लगाम म्हणजे पळ. शर्यतीचा नसलेला घोडाही एकसारख्या ओढीवर हळूहळू भार टाकायला लागतो, कारण ओढ कधी सुटतच नाही.

थांबणं असं शिकवा. चालीतच, दुडकीत नाही. श्वास सोडा, मांड जड करा, कंबर हलायची थांबवा. "बस्स" म्हणा. मग बोटं मिटा, ओला कपडा पिळावा तेवढीच, हात मागे न नेता. पाऊल थांबलं, बोटं उघडा. दिवसातून पंधरा-वीस वेळा, वेगवेगळ्या जागी. दहाएक दिवसांत घोडं श्वासावरच थांबायला लागतं. तेव्हा मिळणारा आनंद दौडीतल्या आनंदापेक्षा मोठा असतो, असं माझं मत. पोरांना पटत नाही.

शिवाय एका लगामाची सोय करून ठेवा. घोडा उभा असताना उजवा लगाम हळूच गुडघ्याकडे आणा आणि थांबा. मान वळून नाक बुटाकडे आलं आणि दोर ढिला पडला की सोडा. डावीकडेही तसंच. मग चालीत करा: मान वळली की पुठ्ठा सरकतो, घोडा गोल फिरून थांबतो. बुजलेल्या घोड्याला पहिल्या चार पावलांतच असं वळवता आलं तर तो उधळत नाही. भरधाव घोड्याची मान एकदम अशी मुडपू नका, पाय गुंतून दोघंही आडवे व्हाल. वेगात असाल तर मोठा गोल घ्या आणि तो लहान लहान करत आणा.

वळवायचं कसं?

आधी नजर, मग खांदे, मग हात. हात मागे न ओढता बाजूला उघडायचा, फाटकाचं दार उघडावं तसा. नाक वळलं की ढील. बाहेरच्या बाजूची पोटरी हलकी लावा, म्हणजे पुठ्ठा बाहेर फेकला जात नाही.

हे जमल्यावर मानेवरचा लगाम शिकवता येतो. उजवीकडे जायचं असेल तर डावा लगाम आधी मानेला टेकवा, क्षणभर थांबा, मग उजवा हात उघडा. महिन्याभरात नुसतं टेकवणं पुरतं आणि एक हात मोकळा होतो. पूर्वी त्या हातात भाला असे, पोलोवाल्यांच्या हातात मॅलेट असतं, आमच्याकडे येणाऱ्यांच्या हातात मोबाइल. वर सांगितलंच आहे.

घोडा वरातीत नाचणारा आहे. मुलीला बसायला शिकवायचं आहे. जमेल का?

जमेल, पण नवा घोडा शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. नाचरा घोडा बहुधा लगाम ताणून आणि त्याच वेळी टाच किंवा छडी लावून तयार केलेला असतो. पुढे जायला वाट नाही आणि मागून रेटा, म्हणून तो जागच्या जागी पाय उचलतो. आता मुलीनं घाबरून लगाम धरला आणि पायांनी आवळलं, की त्याला वाटतं सुपारी मिळाली.

कडी बदला, शक्य तर जीनही. जमिनीवरून सगळं पहिल्यापासून घ्या. निघायला टाचेऐवजी तोंडाचा आवाज शिकवा, कारण टाचेचा अर्थ त्याच्या डोक्यात आधीच भरलेला आहे. लगाम पूर्ण ढिला सोडून चालायला लावा, कुंपणाच्या आत. पहिले काही दिवस तो ढिल्या लगामावर गोंधळतो, मान खाली कुठवर न्यायची हेच कळत नाही. मग एका सकाळी फुरफुरून मान सोडतो.

आणि हलगी. ती त्याच्या पायात बसलेली असते. आमच्याकडे असाच एक पांढरा घोडा होता, चार महिने गाईसारखा चालला. बेंदराच्या दिवशी गावात बैलांची मिरवणूक निघाली, अर्धा किलोमीटरवर हलगी वाजली आणि पाठीवरच्या अकरा वर्षांच्या पोरीसकट तो नाचायला लागला. पोरगी खूश, तिची आई पांढरीफटक. अशा घोड्यावर सणावारी मूल बसवू नका.

ट्रॅक्टर, डीजे, एसटी यांना बुजतो.

आपल्याकडे उसाच्या हंगामात डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आणि त्यावर छाती फुटेल असा साउंड. घोडा बुजला नाही तरच नवल. तरी सवय होते. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आपल्या जिल्ह्यात येते आणि तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. दोन्हीकडे हजारो वारकरी, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेतून दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्यावर कुणीच बसत नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे हे मानाचे अश्व. धावून झालं की माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात आणि ते उभे असतात. ज्यांचा घोडा टपरीवरच्या प्लास्टिकला बुजतो त्यांनी एकदा जाऊन बघावं.

घरी काय करायचं: ट्रॅक्टर सुरू ठेवून उभा करा आणि घोड्याला तिथवरच न्या जिथे त्याचे कान ताठ होतात पण पाय थांबलेले असतात. तिथे उभे राहा. कान सैल झाले, जीभ हलवली, की मागे वळून लांब न्या. जवळ ढकलत नेणं ही नेहमीची चूक. लांब नेणं हेच त्याचं बक्षीस. दोन-चार दिवसांनी ट्रॅक्टर हळू चालवायला सांगा आणि घोडा त्याच्या मागे चालवा. पळून जाणाऱ्या गोष्टीचा पाठलाग करताना घोड्याला धीर येतो; अंगावर येणाऱ्या गोष्टीपुढे जातो.

हायवेवर मात्र नेऊ नका. तिथे घोडा शिकलेला असून भागत नाही, गाडीवालाही शिकलेला लागतो.

चाबूक वापरावा का?

छडी वापरा, हाताची लांबी वाढवायला. मारलेला घोडा पळायला शिकतो, वळायला नाही. राग आला तर उतरा, तंग सैल करा, पाणी प्या. मी अजूनही उतरते.

रोज किती वेळ शिकवावं?

वीस ते तीस मिनिटं, उन्हं चढण्याआधी. काहीतरी बरोबर झालं की तिथेच थांबवा, "आणखी एकदा" म्हणू नका. आठवड्यातून एक-दोन दिवस सुटी दिली तरी शिकलेलं जात नाही. पण महिनाभर खुंट्याला बांधून ठेवलंत तर? भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला, हे कोडं लहानपणी घातलं असेलच कुणीतरी. न फिरवल्यामुळं. बांधून ठेवायचं आणि चंदी, म्हणजे दाणा, मात्र भरपेट, यातूनच सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीचे अपघात होतात. काम नसेल त्या दिवशी हरभरा आणि दाणा कमी करा, कडबा वाढवा.

माझं वजन ८५ किलो आहे. चालेल?

माणूस आणि जीन मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत असावं. काटा नसेल तर टेप घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १६० आणि लांबी १५० असेल तर सुमारे ३२३ किलो येतात. त्याचे २० टक्के म्हणजे ६४-६५. आपल्याकडची बरीच घोडी याच मापाची असतात. तेव्हा ८५ किलोच्या माणसानं मोठा घोडा बघावा किंवा जमिनीवरून शिकवण्यात हौस भागवावी.

काल ऐकत होता, आज ऐकत नाही. मस्ती आहे का?

आधी दुखणं बघा, मस्ती नंतर. तंगाखाली काटा किंवा गोमाशीची गाठ, पाठीवर जिनीचा चट्टा, नालेचा खिळा आत गेलेला, दाढेला धार येऊन गालाला लागलेलं. पाठीवर बोटं दाबत न्या. एका जागी कातडी आकसली किंवा घोडा खाली दबला तर तिथे दुखतंय. जुन्या जखमेवर पांढरे केस येतात, घोडा विकत घेताना ते जरूर शोधा. घोडा शांत उभा असताना नाडीचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ आणि ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस असतो. याच्या वर असेल तर शिकवणी बंद, तालुक्याचा दवाखाना गाठा. मोठं काही असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

माझा घोडा दुडकी चालतच नाही, वेगळंच काहीतरी चालतो.

रेवाल चाल असेल. दुडकीत तिरके पाय जोडीनं पडतात आणि बसणारा उसळतो. रेवाल चालीत एका बाजूचे पाय मागोमाग पडतात आणि मांड जवळजवळ हलत नाही. मारवाडी आणि काठेवाडी रक्ताच्या घोड्यांत ती दिसते. तिच्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात आणि तुम्ही ती मोडायला निघालात. राहू द्या.

स्वतः शिकवू की चाबुकस्वाराकडे देऊ?

तुम्हाला स्वतःला पक्की मांड नसेल तर दोघांनी मिळून. नवशिका स्वार आणि नवशिकं घोडं ही जोडी वाईट. पण देताना एकदा न सांगता जाऊन बघा. घोडा त्या माणसाला बघून कान पुढे करतो की कोपऱ्यात सरकतो? तोंडाच्या कडेला ओरखडे आहेत का? पंधरा दिवसांत तयार करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका. चालणं, थांबणं, वळणं नीट बसायला दोन-तीन महिने धरा, दौड त्यानंतर.

तुमच्याकडे घोडा आणायचा तर सोबत काय आणावं?

धनुर्वाताच्या लसीची नोंद, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा कागद, त्याची नेहमीची म्होरकी आणि दोन दिवसांचा त्याचाच चारा. चारा एकदम बदलला की पोटशूळ उठतो. स्वारीचं हेल्मेट आणि टाचेचे बूट, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. फेटा फोटोपुरता. गूळ, जिलेबी, पेढे आणू नका. खिशात गोड असलं की घोडा खिशाकडेच बघतो. आणि रोज जो बसणार आहे त्या माणसाला आणा. गड्याकडून घोडा पाठवून देऊ नका. महिनाभरानं तो माझा श्वास ओळखायला लागेल आणि तुमच्या दारात गेल्यावर पुन्हा उभाच राहील.